मेलेल्याची सही

सान पेद्रोजवळची ऊसवस्ती,
१२ जानेवारी १९९८

जेझुलाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार घे. कंबर दुखायची थांबली का? सेनातदाजींचा पाय कसा आहे? तिन्ही पोरं शाळेत जातात ना? एक तारखेला भोपळ्याचं सूप केलंच असशील. इथं वस्तीवर आम्ही नऊ जणांनी मिळून एक भोपळा आणला. मटण नव्हतं, शेवया नव्हत्या, पण रंग पिवळा आला. आपल्या देशाच्या स्वातंत्र्याच्या दिवशी पिवळं काहीतरी पोटात गेलं की झालं.

मी बरा आहे. मेलेल्या माणसाच्या मानानं तर फारच बरा आहे.

दचकलीस का? दचक. एलिफेतबाई पण दचकली होती. नोव्हेंबरात ती लसूण विकायला सरहद्द ओलांडून इकडे आली होती, सान पेद्रोच्या बाजारात बसली होती. इतक्या वर्षांनी गावचं माणूस बघून मला काय आनंद झाला! मागून जाऊन म्हटलं, "काय मावशी, लसूण कसा दिला?" तिनं वळून बघितलं आणि टोपली टाकून किंकाळी मारली.

"ओस्नेल! अरे देवा! कोणी उठवलं रे तुला थडग्यातून? कोणत्या मालकानं राबायला आणलंय?"

"उसाच्या मालकानं," मी म्हटलं. "इथं सगळ्यांना त्यानंच आणलंय."

"मीठ चाट! आधी मीठ चाट! मिठानं उठवलेल्याला घर आठवतं!" असं म्हणून तिनं कमरेची पुरचुंडी सोडली आणि मूठभर मीठ माझ्या तोंडावर फेकलं. माणसं जमली. एक पोलीस पोट धरून हसत होता. मग तिनं हळूच माझा दंड चिमटला.

"गरम आहेस की रे!"

"मग काय थंड असू?"

"मेल्या, तुझ्यासाठी मी रडले होते! नवव्या दिवशी तीनदा भोवळ येऊन पडले. तीन वेळा! जेझुलाला विचार!"

म्हणून तुला विचारतो, ताई. माझी नऊ दिवसांची प्रार्थना कशी झाली? एलिफेतबाई म्हणाली कॉफी कडक होती, आल्याचा काढा होता, पुरुषमाणसं अंगणात डोमिनो खेळली. प्रेत नव्हतं म्हणून पेटीत माझा निळा शर्ट ठेवला आणि तीच पेटी आईच्या शेजारी पुरली. तो रविवारचा शर्ट होता माझा. लग्नात घातलेला. दुसरा कुठलातरी पुरायचास.

मी उसाच्या गाडीखाली मेलो म्हणे. दोन साक्षीदारांनी कोर्टात शपथ घेतली, तालुक्याच्या न्यायाधीशानं लिहून घेतलं. पोरीची आई अनीत मेलेली, बाप मेलेला, मग रोझनीला दत्तक द्यायच्या कागदावर सही करायला उरलं कोण? तू. आणि तू सही केलीस. माझी पोरगी आता राजधानीत चर्चच्या जोगिणींच्या बालगृहात आहे आणि कॅनडाचं एक जोडपं तिला कायमची न्यायचं म्हणतंय, हे मला लसूणवाल्या बाईकडून कळलं. बाजारात. तोंडाला मीठ लागलेलं असताना.

मी खूप विचार केला. गावात येऊन तुझ्या दारात ओरडावं, असंही वाटलं. मग एक बरं सुचलं. मी न्यायाधीशाला चिठ्ठी लिहिली. स्वतः लिहिली, तू शिकवलेल्या अक्षरात. 'मी ओस्नेल देरिवाल, रोझनीचा बाप. मी जिवंत आहे. मला विचारल्याशिवाय माझी पोरगी कुठं जाणार नाही.' सोबत ऊसतोडीच्या कार्डावरचा माझा फोटो जोडला. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा एलिफेतबाईनं ती चिठ्ठी कोर्टात आधीच दिली असेल. तुझं पत्र नंतर दे, असं मीच तिला बजावलंय.

आता बघ, कागद कसे पळतात.

तुझा स्वर्गवासी भाऊ,
ओस्नेल


सांतो दोमिंगो,
२० एप्रिल १९९८

ताई,

नमस्कार. ईस्टर नीट पार पडला असेल. मी ऊस सोडला. ऊस माणसाला एका जागी उभा करतो, माझ्याच्यानं ते होत नाही. आता इमारतीच्या कामावर आहे, चौथ्या मजल्यावर. इथून समुद्र दिसतो. मुकादम मला 'भूत' म्हणतो. एलिफेतबाईची गोष्ट मीच सगळ्यांना सांगितली, हसू आलं पाहिजे ना दिवसातून एकदा.

तुझं तीन पानी पत्र मिळालं. मी घर सोडलं त्या दिवशी तू तीन शब्द बोलली नव्हतीस. आता तीन पानं! मला आवडलं. दोनदा वाचलं, जेवताना आणि जेवल्यावर.

तू लिहितेस, 'ओस्नेल, तुझ्या चिठ्ठीनं फाईल बंद पडली. न्यायाधीश माझ्यावर ओरडला, खोट्या शपथेसाठी आत टाकीन म्हणाला. आता सगळे कागद पहिल्यापासून. डॉक्टरचा दाखला सहा महिन्यांत शिळा होतो, फोटो शिळे होतात, पासपोर्टचा अर्ज परत आला. त्या बिचाऱ्या जोडप्यानं दोन वर्षं वाट बघितली, आता किती बघायची?'

बघू दे की. वाट बघितल्यानं कोणी मरत नाही. मरायला तुझ्यासारखी बहीण लागते.

कधीकधी मनात आणतो, तू त्या ऑफिसच्या बाकावर बसलीयस. ट्रकमध्ये उभ्यानं राजधानीला गेलेली, पायाला धूळ, मांडीवर पिशवी. आतला कारकून म्हणतोय, बाई, हा शिक्का नाही, तो आणा. तू परत गावाला. पुन्हा येतेस, तर तो कारकूनच रजेवर. मला या विचारानं झोप चांगली लागते. खरं सांगतो.

तू फॉर्म पाठवलास. 'आपल्या वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही कर, शिक्का मारून घे, एलिफेतबाईकडे दे, एवढं एकच कर.' वकिलात माझ्या कामापासून अर्ध्या तासावर आहे. मी गेलो होतो. फाटकापर्यंत गेलो, रांग बघितली, एक उकडलेलं कणीस खाल्लं आणि परत आलो. तुझा फॉर्म कोरा परत पाठवतोय. खाली एक ओळ लिहिलीय ती वाच: मेलेले सह्या करत नाहीत.

आणि हे काय लिहिलंस, 'ती तिकडे शिकेल, डॉक्टर होईल, मोठी होऊन आपल्याकडे परत येईल, सगळ्यांना वर काढेल'? गावात सगळे हेच म्हणतात, मला माहीत आहे. पोर पाहुण्याकडे शिकायला ठेवावी तशी बोलतेस. कॅनडा म्हणजे काय मामाचं घर आहे? त्या कागदावर तिचं आडनाव बदलतं, ताई. मी दोन दिवसांच्या वाटेवर होतो, तरी परत आलो नाही. ती बर्फातून येणार?

तू विचारतेस, चार वर्षांत एक ओळ का नाही लिहिलीस. 'नाताळला येतो म्हणून गेलास. चार नाताळ मी तुझं ताट वाढलं. एकदा तरी येऊन पोरीचं तोंड बघायचंस.'

ते सोड. त्यावर मी काही लिहिणार नाही.

मी सही करणार नाही, एवढं पक्कं. मी येईन आणि माझी पोर घेऊन जाईन. कुठं, ते विचारू नकोस. चौथ्या मजल्यावर पण माणसं राहतात. भिंती अजून झाल्या नाहीत, एवढंच.

दाजींना सांगू नकोस मी काय काय लिहिलं ते. त्यांनी मला कधी वाईट म्हटलं नाही.

ओस्नेल


सान हुआन, घेवड्याच्या शेतावर,
९ ऑगस्ट १९९८

ताई,

नमस्कार. पाऊस आहे का तिकडे? इथं घेवडा चांगला आलाय. इमारतीचं काम मी मेमध्येच सोडलं. मुकादमाशी भांडण झालं, ते जाऊ दे. सान हुआनपासून सरहद्द जवळ आहे. पण मी त्यासाठी इथं आलो नाही, इथं काम होतं म्हणून आलो.

एलिफेतबाई काल येऊन गेली. या वेळी तुझं पत्र नव्हतं. म्हटलं, "मावशी, जेझुलानं काही दिलं नाही?"

"दिलंय की." तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "म्हणाली, त्याला एवढं दे. निरोप नाही."

लाल बूट. लहान पोरीचे, पट्ट्याचे, तळव्याला माती नाही, कोरेकरकरीत. मी बाईकडे बघितलं.

"तुझ्या पोरीचे," ती म्हणाली. "मी गेले होते बालगृहात, जेझुलाबरोबर. कॅनडाच्या बाईनं पाठवले होते गेल्या वर्षी, विमानात बसायच्या दिवशी घालायला. जोगीण म्हणाली, आता नको, मळतील, जायच्या दिवशी काढू. तो दिवस काही आला नाही. आता पाय मावत नाही. त्या बाईनं एक नंबर मोठे दुसरे पाठवले होते. ते पण लहान झाले. आता तिसरे आलेत."

"ती काय म्हणते?"

"कोण, रोझनी? लई बोलते. कोणावर गेलीय कोण जाणे." बाईनं तोंड वाकडं केलं. "तिच्याबरोबरच्या चार पोरी गेल्या. एकेक जाते तेव्हा बाकीच्या फाटकापर्यंत सोडायला जातात, गाणं म्हणतात. ही आता जात नाही. खोलीत बसते आपल्या छोट्या पेटीवर. पेटी भरून तयार आहे, दीड वर्ष झालं. मी विचारलं, का गं बसतेस तिच्यावर? म्हणते, 'दुसऱ्या कोणाला देऊन टाकतील.'"

"आणि ते दोघं?"

"ओदेत आणि रेजाँ. फोटोतून ओळखते त्यांना. गेल्या वर्षी आले होते तेव्हा आठ दिवस हिला खांद्यावरून उतरवलं नाही त्या रेजाँनं. मला म्हणते, 'मावशी, त्यांच्याकडे कागद कमी आहेत का? मी माझ्या वहीतले देऊ?'"

एवढं सांगून एलिफेतबाईनं पिशवी आवरली. मग उठताना म्हणाली, "त्या दिवशी माझं मीठ कमी पडलं बहुतेक. जास्त टाकायला हवं होतं."

ते बूट मी हातावर ठेवले. माझ्या तळहातात मावतात. ताई, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. तीन पानांनी झालं नाही ते तू बुटांनी केलंस. सूड कसा घ्यायचा ते तुझ्याकडून शिकावं.

आता मी ते लिहितो जे लिहिणार नव्हतो.

मी आलो होतो.

शहाण्णवच्या जानेवारीत. इथं कागद नसलेल्या आपल्या लोकांची धरपकड झाली. मी नळावर आंघोळ करत होतो, तसाच उचलला. पँट मिळाली, बूट नाही मिळाले. साठ माणसं एका ट्रकमध्ये, सरहद्दीवर आणून टाकली, चला, चालते व्हा. मी तिथून चालत निघालो. दोन दिवस. वाटेत म्हटलं, चला, बरंच झालं, नाहीतर माझा पाय कधी निघाला असता?

पण गावच्या ओढ्यापाशी आलो आणि पाय थांबले. तुला सोवेर आठवतो? तो पण असाच पकडून परत पाठवला होता. हातात काही नाही, अंगावरच्या कपड्यानिशी. सगळी गल्ली बघायला आली होती. आपण पोरं त्याच्यामागे बाजारापर्यंत ओरडत गेलो, "सोवेर, पिशवी कुठंय? सोवेर, पिशवी कुठंय?" सगळ्यात मोठ्यानं मी ओरडत होतो. पलीकडून येणाऱ्या माणसाच्या हातात पिशवी पाहिजे. पाव पाहिजे, कापड पाहिजे, पोरांना काहीतरी पाहिजे. माझ्या पायात चप्पल पण नव्हती.

म्हणून रस्ता सोडून मागच्या बाजूनं आलो, मक्याच्या शेतातून. भर दुपार होती. घरामागे ते आवोकाडोचं झाड आहे, रोझनीची नाळ पुरून मी लावलेलं. केवढं झालं होतं! त्याच्या खाली ती बसली होती. मातीत काहीतरी रांधत होती, पानं आणि पाणी. चार वर्षांची. अनीतचं कपाळ, ताई. कपाळ जसंच्या तसं.

मला बघून घाबरली नाही. म्हणाली, "हे माझं झाड आहे. माझी नाळ इथं आहे. तुझं झाड कुठंय?"

मी म्हटलं, "माझं कापलं."

"तू कोणाचा?"

मी काय म्हणणार होतो? तुझा, असं म्हणायचं होतं. दोन दिवस चालताना तेच म्हणत आलो होतो. पण तिनं माझ्या पायांकडे बघितलं. फक्त बघितलं, लहान पोरं बघतात तसं.

मी म्हटलं, "कोणाचा नाही."

तेवढ्यात आतून तुझी हाक आली, आणि ती "आले गं आई" म्हणत पळाली. तुला आई म्हणत होती. मी मक्यातून परत गेलो. ओढा ओलांडला आणि मागं बघितलं नाही.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी तू मला मेलेला केलंस. तू कोर्टात जे खोटं सांगितलंस ते मी तिला आधीच सांगून आलो होतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बाजारात मीठ लागलं तेव्हापासून.

तरी पण मला राग येतो. राग कमी होत नाही, ताई, तो कुठं ठेवू तेच कळत नाही.

बूट परत पाठवत नाही. माझ्याकडे राहू देत.

ओस्नेल


एलियास पिन्या, सरहद्द,
२ नोव्हेंबर १९९८

ताई,

नमस्कार. आज मेलेल्यांचा दिवस. गावात सगळे दफनभूमीत गेले असतील, आईच्या थडग्यावर तू कॉफी ओतली असशील. शेजारी माझी पेटी आहे. तिच्यावर पण ओतलीस का? ओतली असशील तर धन्यवाद. इथं कॉफी पाणचट मिळते.

मी आता सोमवार-शुक्रवारच्या बाजारात पोती उचलतो. नाक्याच्या दांडीपलीकडे आपला देश दिसतो, कोंबड्यासुद्धा आपल्या वाटतात.

तुझं पत्र आलं. या वेळी एकच पान. पण ते तीन पानांपेक्षा जड निघालं.

पहिला अर्धा भाग न्यायाधीशाचा. तू लिहितेस की त्याला आता कंटाळा आलाय. म्हणतो, दोनच रस्ते आहेत. एक, बाप जिवंत असेल तर स्वतः माझ्यासमोर उभा राहून सही करू दे, वकिलातीचा शिक्का आता चालणार नाही, कारण माझ्या वहीत तो मेलेला आहे. दुसरा, ती चिठ्ठी कोणीतरी टवाळखोरानं पाठवली होती असं तू लिहून दे. मग मी, ओस्नेल, होतो तसा मेलेला राहीन, फाईल पुढं सरकेल, महिन्याभरात रोझनी विमानात.

आणि तू म्हणतेस, 'दुसरा रस्ता धर, ओस्नेल. तुला काहीच करायचं नाही, फक्त गप्प बसायचं आहे. तुला ते येतं. पोरीला मी सांगितलंय, तुझा बाप चांगला होता, कामावर असताना गेला. ती रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. तेच राहू दे.'

खरं सांगतो, मला मोह झाला. चांगला होता, कामावर असताना गेला. माझ्याबद्दल असं आजपर्यंत कोणी बोललेलं नाही. मेलेला ओस्नेल जिवंतापेक्षा फार चांगला माणूस आहे. तिची प्रार्थना त्याला मिळते.

मग मी दुसरा अर्धा भाग वाचला.

'तू आला होतास ते मला माहीत आहे. रोझनीनं त्याच मिनिटाला सांगितलं, आई, झाडाखाली एक माणूस होता, त्याला बूट नाहीत, तो कोणाचाच नाही. मी मक्यातून धावत ओढ्यापर्यंत आले. तू पलीकडच्या काठावर होतास. पाठ बघूनच ओळखलं मी. हाक मारणार होते. पण तुझे पाय दिसले, आणि तू पाठमोराच राहिलास. म्हटलं, त्याला दिसायचं नाहीये, तर आपणही बघायचं नको. तुझी लाज राखली मी. पुढं पोरीला झटके यायला लागले, औषधाला पैसे नव्हते, जोगिणींच्या दवाखान्यात बापाचं नाव विचारलं, तेव्हा मी काय सांगू? सोडून गेला म्हणू? त्यापेक्षा मेला म्हटलं. नऊ दिवस मी खोटं रडले नाही, ओस्नेल.'

ताई, मी रागावलो होतो तू मला मारलंस म्हणून. ते काहीच नव्हतं. खरा राग आता आलाय.

तू हाक का नाही मारलीस?

दहा पावलांचा ओढा आहे तो. लहानपणी तू मला त्या काठावरून या काठावर शिव्या द्यायचीस आणि सगळ्या गावाला ऐकू जायच्या. गाढवा, कामचुकारा, घरी ये, जेवायला ये! त्यातली एक शिवी त्या दिवशी टाकायचीस. मी वळलो असतो. अनवाणी तर अनवाणी. गल्ली हसली असती, महिनाभर "ओस्नेल, पिशवी कुठंय" म्हणाली असती, आणि मग विसरली असती. सोवेरला विसरलीच की. तो आता कोंबड्या विकतो.

तू माझी लाज राखलीस आणि माझी पोर गेली. मीही तेच केलं. दोघांनी मिळून केलं. पण तू मोठी आहेस, म्हणून तुला दोष देतो. धाकट्या भावाचा तेवढा हक्क असतो.

तर आता माझा सूड ऐक. पूर्ण ऐक, मधे रडू नकोस.

मी गप्प बसणार नाही. या शुक्रवारी बाजार उठला की एलिफेतबाईच्या ट्रकमधून मी निघतो. सोमवारी, नऊ तारखेला, सकाळी मी तालुक्याच्या कोर्टात असेन. तू पण तिथं यायचंस. त्या दोन साक्षीदारांना घेऊन यायचंस, ज्यांनी मला उसाच्या गाडीखाली बघितलं होतं. त्यांनी माझ्याशी हात मिळवायचा आणि न्यायाधीशाला सांगायचं, साहेब, गरम आहे. तुला आत टाकू देणार नाही, काळजी करू नकोस. मी म्हणेन, बहिणीला खरंच वाटलं होतं मी गेलो. ते खोटं पण नाही.

आणि रविवारी पेटी उकर. माझा निळा शर्ट काढ. कुजला असेल तर कुजलेला आण, धुऊन, इस्त्री करून. मी तोच घालून उभा राहणार आहे. पायात बूट आहेत, इथल्या बाजारात घेतले. रोझनीचे लाल माझ्या पिशवीत आहेत. हो, पिशवी आहे. पाव पण घेईन.

मग मी सही करीन. ती त्या दोघांकडे जाऊ दे. रेजाँच्या खांद्यावर बसू दे. मी तिला कुठंही नेणार नव्हतो, ताई, चौथ्या मजल्यावर भिंती नव्हत्याच. तुला माहीत होतं, मला पण माहीत होतं. मला फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं.

पण कागदावर मेलेला राहणार नाही. न्यायाधीशाला म्हणेन, स्पष्ट लिहा: बाप जिवंत, समोर हजर, स्वतःच्या हातानं सही केली. ती मोठी होईल तेव्हा हा कागद तिच्या हातात पडेल. वाचेल. तिची प्रार्थना त्या दिवशी बंद होईल. तिला कळेल की तिचा बाप कामावर असताना मेला नाही, तो अर्ध्या तासावरच्या वकिलातीच्या फाटकाशी कणीस खात होता आणि ती पेटीवर बसली होती. ती चिडेल. मेलेल्यावर कोणी चिडत नाही, जिवंतावर चिडतं. कदाचित शिव्या द्यायला मला शोधत येईल. बर्फातून येईल. तू म्हणतेस ना, ती परत येईल? डॉक्टर होऊन नाही येणार. रागानं येईल. राग माणसाला चालवतो, मला बघ, सान पेद्रोपासून इथपर्यंत आणलं.

त्या दिवशी ती विचारेल, तू कोणाचा. या वेळी मी नीट उत्तर देईन.

एक काम कर. जोगिणींना सांग, तिसरे बूट आत्ताच काढून द्या म्हणावं. मळू देत.

मी तुला माफ केलेलं नाही. तू पण मला करू नकोस, मला त्याची घाई नाही. सोमवारी उजाडताच, कोर्टाच्या आधी, ओढ्याकडच्या वाटेनं गावात येणार आहे, मागच्या शेतातून नाही, समोरून, गल्लीतून. मी दिसलो की हाक मार. कसलीही मार.

तुझा भाऊ, जिवंत.

खाली सही करून बघतोय, तू दारावर कोळशानं शिकवली होतीस तशी. आठ वर्षांचा होतो, शेवटचं अक्षर दाराबाहेर जायचं. न्यायाधीशासमोर ते कागदाबाहेर जाऊ नये म्हणून आधीच सराव.

ओस्नेल देरिवाल
ओस्नेल देरिवाल
ओस्नेल देरिवाल, रोझनीचा बाप